काकांचे मेल कोण नेतं?

मावशीच्या बैठकीच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. सोफ्यावर, खिडकीच्या कट्ट्यावर, स्वयंपाकघराच्या दारात, जिथं बघावं तिथं शेजारीपाजारी दाटीवाटीनं बसलेले. भरदुपारी पडदे ओढून दिवे घालवले होते. उजेड होता तो फक्त कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरचा, आणि त्याच्या पडद्यावर गेल्या वर्षी वारलेल्या काकांनी, म्हणजे मावशीच्या नवऱ्यानं, तिला पाठवलेले मेल ओळीनं दिसत होते.

"बघा हं," गुरुजी हलक्या आवाजात म्हणाले. "आता ते स्वतः येतील आणि आपला एक शब्द परत नेतील."

आणि सगळ्यात वरची ओळ गेली. माऊसला कुणाचा हात नव्हता, कीबोर्डवर मावशीनं विणलेलं झाकण तसंच होतं. ओळ होती, आणि मग नव्हती.

कुणीतरी किंचाळलं. मी शाळेत विज्ञान शिकवते, भूत म्हटलं की मुलांना हसायला लावते. पण खोटं कशाला बोलू, माझ्याही अंगावर सर्रकन काटा आला.

काकांनी उभा जन्म बोटीवर इंजिनाचं काम केलं. घरी पाहुण्यासारखे यायचे. मावशीचा संसार झाला तो या मेलांवरच. बंदरातून, भर समुद्रातून, आजारी असताना, भांडण झाल्यावर, त्यांनी तिला लिहिलेलं सगळं या कॉम्प्युटरात होतं. तो कसा वापरायचा हेही त्यांनीच शिकवलं होतं, आणि ताकीद दिली होती: "फक्त आलेले मेल उघडायचे. डावीकडच्या पट्टीला हात लावशील तर बघ!" मावशीनं ती ताकीद आयुष्यभर पाळली. काकांना फोन बंद पडलेला खपायचा नाही, म्हणून ते गेल्यावरही ती त्यांचा फोन रोज न चुकता चार्जिंगला लावायची.

मग शेजारणीच्या ओळखीनं हे गुरुजी घरात आले. मी त्यांना मनातल्या मनात पासवर्डबाबा म्हणते. आल्या आल्या त्यांनी चार्जिंगला लावलेल्या फोनकडे बोट दाखवलं. "माई, ही अशांत वस्तू आहे. शांतीसाठी माझ्याकडे राहू दे." काळ्या फडक्यात गुंडाळून त्यांनी फोन नेला. त्यानंतर थोड्याच दिवसांत काकांचे मेल नाहीसे व्हायला लागले.

"क्लाउड म्हणजे काय?" या पासवर्डबाबांनी तेव्हा मावशीला समजावलं होतं. "ढग! आणि ढगांपलीकडे कोण असतं? गेलेली माणसं! परदेशातले शास्त्रज्ञसुद्धा आता मान्य करतात." कुठले शास्त्रज्ञ ते काही त्यांनी सांगितलं नाही.

तिथवर मी हसले असते. पण पुढे ते म्हणाले, "घरात नवी सावली आलीय. तिच्या पोटात दुसरी वाढतेय. गेलेल्याला ती मान्य नाही. ती आहे तोवर तो आपला एकेक शब्द काढून नेणार."

नवी सावली म्हणजे माझी वहिनी, मावशीची सून. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, दिवस भरत आले होते, आणि माहेर म्हणावं असं तिला कुणी उरलं नव्हतं. आता ती दाराशी भिंतीला टेकून उभी होती. पायाशी बॅग होती, तिनं स्वतःच भरलेली.

"वहिनी, ही बॅग कशाला?" आल्याबरोबर मी विचारलं होतं.

"ताई, रोज सकाळी आई कॉम्प्युटर लावतात आणि रडत उठतात," ती म्हणाली. "मला आता स्वतःचीच भीती वाटायला लागलीय."

बाबांनी हात उंचावला. "आता शेवटचा प्रश्न. ही मुलगी या घरात नको असेल तर आत्मा महाराज, अजून एक मेल न्या!"

मावशीनं डोळे गच्च मिटले. माझा मावसभाऊ, म्हणजे दादा, वहिनीचा नवरा, जमिनीकडे बघत राहिला. त्याचा मला इतका राग आला की भीती जराशी मागे सरली आणि डोकं चालायला लागलं. मघाशी ओळ गेली त्या क्षणी टेबलाखालच्या इंटरनेटच्या डबीवरचा हिरवा दिवा लुकलुकला होता. म्हणजे जे काही आलं होतं ते वायरीतून आलं होतं. आत्म्याला वायर कशाला लागेल?

मी गुडघ्यांवर टेबलाखाली शिरले. वायर काढूनही ओळ गेली तर? मग वहिनी जाणार, आणि उद्या वर्गात उभं राहून मी मुलांना काय सांगणार? दात आवळून मी कॉम्प्युटरमागची वायर उपसून काढली.

"महाराज, न्या!" बाबा गरजले.

काही झालं नाही.

"न्या म्हणतो ना!"

पडदा तसाच. बाबांनी मान वळवून दाराशेजारी बसलेल्या आपल्या शिष्याकडे पाहिलं, म्हणून मीही पाहिलं. इतका वेळ तो मान खाली घालून, झोळीत हात घालून जप करत होता. त्याची हनुवटी खालून निळसर उजळली होती. माळेला कधी उजेड असतो का?

"दादा, त्याची झोळी धर!" मी ओरडले.

या एका गोष्टीसाठी मी दादाला अर्धं माफ केलं. त्यानं झडप घातली. शिष्यानं घाईघाईनं अंगठा दोनदा दाबला, तोवर झोळी दादाच्या हातात आली होती. आत काकांचा फोन होता, कोपऱ्यावर तडा गेलेला, चालू.

कुणीतरी पडदे सारले. "ती शांतीची प्रक्रिया होती, तुम्ही ती मोडलीत," असं काहीसं पुटपुटत पासवर्डबाबा शिष्यासकट, चपला हातात घेऊन जिन्याकडे सटकले. मघाशी त्यांच्या पाया पडलेले दोघे-तिघे त्यांच्यामागे धावले, पण आता पाया पडायला नव्हे.

मी फोन बघितला. शिष्यानं शेवटच्या घाईत मेलची कचरापेटी रिकामी केली होती. काढलेले मेल त्या पेटीत होते.

"गेले?" मावशीनं विचारलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "सगळे गेले?"

"थांब आई, कॉम्प्युटरवर बघू," म्हणत दादा लगबगीनं टेबलाखाली वाकला आणि वायर जोडायला निघाला.

"वायरला हात लावू नकोस!" मी इतक्या जोरात ओरडले की वहिनी दचकली.

मग मी सगळ्यांना समजावलं. मावशीचं मेलचं खातं काकांनीच उघडून दिलेलं, ते त्यांनी आपल्या फोनवरही ठेवलं होतं, म्हणून हा फोन आणि हा कॉम्प्युटर एकाच खात्याला जोडलेले आहेत. फोनवर मेल काढला की तो इथूनही निघतो आणि कचरापेटीत जातो, तिथून उचलून परत ठेवला की इथंही परत येतो. एवढाच यांचा चमत्कार. फोन तुम्हीच त्यांच्या हाती दिलात, तोही चार्ज करून. पण पेटी रिकामी केल्याची बातमी या कॉम्प्युटरला अजून पोचलेली नाही, कारण वायर काढलेली आहे. ती जोडली की इथलेही जातील.

"मावशी, डावीकडच्या पट्टीत कचरापेटी आहे. उघड."

"त्यांनी सांगितलं होतं, तिकडे हात..."

"उघड गं!"

तिचं बोट माऊसवर अडखळलं. मग तिनं दाबलं, आणि काकांच्या ओळी खाली खाली सरकत राहिल्या, समुद्रातल्या, बंदरातल्या, भांडणाच्या. मावशी ढसाढसा रडली. मी सगळे मेल पेन ड्राइव्हवर उतरवून घेतले आणि मगच वायर जोडली. पेटीतला मेल महिन्याभरानं आपोआप पुसला जातो, त्यामुळे अगदी सुरुवातीला काढलेले काही मात्र आधीच पुसले गेले होते, ते कायमचे गेले. ते कुठल्या आत्म्यानं नेले नाहीत. आपण घाबरलो आणि विचारायला उशीर केला, म्हणून गेले.

लोक पांगले. मावशी डोळे पुसून उठली, दाराशी गेली, वहिनीची बॅग उचलून आत नेली आणि एकेक कपडा पुन्हा कपाटात लावायला लागली. वहिनी तिच्यामागून आत गेली. शेवटी मावशी तिच्याकडे न बघताच म्हणाली, "मला माफ कर म्हणायला तोंड नाही मला. तू बस. आणि उद्या मला ती डावीकडची पट्टी सगळी शिकव."

वाचणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच आहे. भीती वाटते, मलाही वाटली, त्यात लाज नाही. पण आपल्या भीतीची किंमत घरातल्या दुसऱ्या माणसाला मोजायला लावू नका. कुणी अद्भुत दाखवलं तर हात जोडण्याआधी एकदा टेबलाखाली वाका आणि वायर काढून बघा.