नाडीला टांगलेला टीव्ही

ओरडून ओरडून गोदाचा घसा बसला, पण तिच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. मी तिच्या परकराची नाडी बोलतेय. तोंडं वाकडी करू नका. नाडीला काय कळतं म्हणणाऱ्यांनी एकदा माझ्याशिवाय परकर नेसून दाखवावा.

माझा जन्म काही थोर नाही. डोंबिवलीच्या बाजारात गोदानं मला जुडीतून ओढून काढलं, दोन्ही हातांनी ताणून बघितलं आणि सेफ्टी पिनेला अडकवून नेफ्यात सरकवलं. पोळी-भाजी केंद्रात ती दिवसभर पोळ्या लाटायची, मी तिच्या कमरेला. टिटवाळ्याच्या बिल्डिंगीत ओल्या जिन्यावरून ती घसरली तेव्हाही तिथंच होते. मांडीचं हाड मोडलं. कल्याणच्या दवाखान्यात पायाला वजन लटकवलं आणि सांगितलं, सहा आठवडे उताणं पडून राहायचं. परकर पिशवीत गेला, मीही.

वॉर्डात भिंतीवर टीव्ही होता, पण त्याचा रिचार्ज कधीचा संपलेला. शिवाय उताण्या बाईला दिसतं काय, तर छत. मोबाइल हातात धरला की डुलकी लागून तो नाकावर आपटायचा. मग अक्षदाच्या पप्पांनी, म्हणजे गोदाच्या नवऱ्यानं, मला परकरातून खेचून काढलं आणि पलंगावरच्या लोखंडी दांड्याला मोबाइल बांधला. मंडप बांधणारा माणूस तो. दोन वेढे, आतून पीळ, शेवट कुठं दडवला ते दिसूच नये. आहे त्याच रिचार्जमध्ये डोळ्यांसमोर टीव्ही! शेजारच्या खाटेवरची शीला म्हणाली, "गोदाताई, तुम्ही तर थेटरच काढलंत की."

सुख चार दिवस टिकलं. मग रोज संध्याकाळी सिरियल लावावी तर नेट संपलेलं. रोजचं दीड जीबी जातं कुठं? दुपारी दुखण्याचं इंजेक्शन मिळायचं आणि गोदा दोन तास गाढ झोपायची.

"कोणीतरी मोबाइल सोडतं आणि परत बांधतं," ती म्हणायची.

"अगं, गाठ बघ की! मी बांधली तशीच आहे," नवरा म्हणायचा. "तूच सिरियल चालू ठेवून झोपतेस."

"ताई, इंजेक्शननं भास होतात," सिस्टर म्हणायची.

भास! मला डोळे नाहीत, गोदाला दिसतं तेच मला; ती झोपली की फक्त बोटं कळतात. रोज दुपारी खरखरीत, सोललेली बोटं मला सोडायची. मी आधी शीलावर संशय घेतला. बाई उगाच कशाला रोज केळं देते? पण तिची बोटं गुळगुळीत. मग मी नक्की केलं, ही वॉर्ड पुसणारी आवडाबाई. फिनाइलनं हात सोलणारच. नवराही सगळ्यांना तेच सांगत फिरायचा, "त्या आवडाबाईवर लक्ष ठेवा."

शनिवारी पाच वाजता अक्षदाच्या कबड्डी संघाची जिल्ह्याची फायनल होती, यूट्यूबवर लाइव्ह. पोळ्यांपायी गोदानं लेकीला मैदानात कधीच बघितलं नव्हतं. नेट उरावं म्हणून त्या दिवशी सकाळपासून तिनं काहीही लावलं नाही.

पाचला लावलं, तर स्क्रीनवर चक्र नुसतं गरगरतंय.

"विचारा त्या आवडाबाईला!" नवरा ओरडला.

आवडाबाईनं पोछा आपटला. "मी? अहो, ही गाठ मला सुटतच नाय, तर बांधणार कुठून? घ्या, तुमच्यासमोर बांधते!"

सिस्टरनं गाठ कशीबशी सोडवली. आवडाबाईनं तीनदा बांधली आणि तीनदा मोबाइल उशीवर पडला. तिची बोटं मला तेव्हा पहिल्यांदा लागली. ओली, पाण्यानं मऊ पडलेली. रोजची बोटं ही नव्हतीच! मीही किती मूर्ख.

शीला हळूच म्हणाली, "मग रोज तश्शीच गाठ मारतं कोण?"

सगळा वॉर्ड एकाच माणसाकडे बघायला लागला. त्याचा स्वतःचा फोन बटणवाला, आणि मंडपाच्या दोरांनी सोललेली त्याची बोटं मी पहिल्या दिवशी पारखलीच नव्हती.

"जिन्यात बसून बैलगाडा शर्यती बघायचो," तो पुटपुटला. "तू झोपलेलीस ना."

आवडाबाईनंच आपला हॉटस्पॉट दिला. तोवर पहिला हाफ संपलेला.

आज रविवार. मी मळलेय, टोकांचे धागे सुटलेत, आणि आता मला सिस्टर बांधते. माझं मागणं एवढंच, बाई काही सांगत असली तर तिला भास झाला म्हणू नका. आधी गाठ नीट बघा.

दुपारी अक्षदा गळ्यात पदक घालूनच आली. "आई, पहिल्या हाफमधली माझी पकड बघितलीस ना? त्यांच्या कॅप्टनला एकटीनं आडवं केलं! सगळं मैदान उभं राहिलं!"

गोदा तिचं पदक बोटांत फिरवत राहिली.

"आई? बघितलंस ना?"

"नाही गं. नेट संपवलेलं."

"कोणी?"

नवरा मान खाली घालून मोसंबं सोलत होता. बावीस वर्षांच्या संसारात गोदानं कधी त्याचं नाव घेतलं नाही. रेशनच्या दुकानातही कोणी विचारलं तर ती नुसतं कार्ड पुढे करायची. ती घेत नाही, म्हणून मीही इतका वेळ घेतलं नाही. तिनं दोन्ही हातांनी वरचा दांडा धरला, मान उचलली आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणाली,

"सहदेवनं."