बाद झालेला दात

दातात तात्पुरतं सिमेंट भरून पेशंटला घरी धाडलं, की कडेने लाळ आत झिरपता कामा नये. झिरपली की सगळ्या मेहनतीवर पाणी! कुठलं सिमेंट किती धरतं, हे ती शिकाऊ डॉक्टर काढलेल्या दातांवर तपासत होती. पद्धत सोपी. दात सिमेंटने भरायचा, भरलेली जागा तेवढी सोडून सगळीकडे नेलपॉलिश फासायचं, निळ्या रंगात बुडवायचा आणि मग उभा कापून निळं कुठवर शिरलं ते बघायचं.

त्या दातांत एक तिच्या बाबांचा होता. बाबा शिंपी. दोरा तोडून तोडून पुढच्या दाताला खाच पडलेली. हिरड्यांनी दगा दिला तेव्हा तिनेच तो काढला होता. "घे तुझ्या अभ्यासाला," बाबा म्हणाले होते, "शाळेचं तोंड नाही पाहिलं, निदान दात तरी कॉलेजात जाऊ दे!"

गेल्या महिन्यात बाबा गेले. ती रडली नाही. आत्या कानीकपाळी ओरडली, "अगं, मोकळी हो!" पण मोकळं व्हायचं म्हणजे नेमकं काय करायचं, तेच हिला कळेना. इंजेक्शन दिलेल्या ओठासारखं सगळं बधिर. जेवली, झोपली, कामावर आली, नेलपॉलिश फासत बसली.

दात रंगातून काढले, तर तिला शिकवणाऱ्या मॅडमनी खाचेचा दात चिमट्यात धरून कपाळावर हात मारला. "भरलेल्या जागेवरही पॉलिश? मग रंग शिरणार कुठून, माझ्या डोक्यातून? हा बाद. टाकून दे."

"टाकायचा नाही," ती म्हणाली. "बाबांचा आहे."

मॅडम वरमल्या. "मग घरी ने, बाळा. एका दातावाचून काही अडत नाही."

घरी नेऊन डबीत ठेवावा, असं तिलाही वाटलं. पण बाबांनी तो डबीत ठेवायला दिला नव्हता. तिने पॉलिश पुसलं, जागा सोडून नीट लावलं, दात पुन्हा रंगात टाकला.

दुसऱ्या दिवशी तो कापायच्या यंत्रात बसवला. "आण, मी कापते," मॅडम म्हणाल्या. तिने नको म्हटलं. पातं फिरू लागलं, आणि दिवसभर पेशंटना म्हणायचं वाक्य सवयीने तोंडून निसटलं.

"दुखलं तर डावा हात वर करा हं."

आणि वेडी चक्क खाली बघत थांबली. हात कुणाचा वर येणार, कप्पाळ! तेव्हा कुठे तिला हुंदका फुटला, आणि मॅडमनी यंत्र बंद केलं.