वाकडी खोली

आमच्या भाऊजींना सगळे वाकड्या म्हणत, तेही तोंडावर. नाटकांचे पडदे रंगवण्यात त्यांची हयात गेली. सपाट कापडावर ते असा लांबलचक रस्ता काढत की एका नवख्या नटाने त्यावर नाक आपटून घेतलं होतं. नाटक कंपनी बंद पडली, तसा त्यांनी राहत्या घराकडे मोर्चा वळवला. एकटा जीव, अडवणार कोण?

पुढच्या खोलीची त्यांनी पार रया घालवली. एक कोपरा लांब नि खोल, दुसरा जवळ नि बुटका. जमीन उतरती, खिडक्या तिरक्या, फरशीचे चौकोनसुद्धा मुद्दाम वाकडे रंगवलेले. आत पाऊल टाकलं की तोल जायचा. पण म्हणे बाहेरून दाराच्या भोकाला डोळा लावला की सगळं सरळ दिसतं.

"वहिनी, माणूस मोठा की लहान, हे बघणाऱ्याचा डोळा कुठे आहे त्यावर असतं," ते फोनवर सांगत. "एकदा याच. तिघं लागतात. दोघं कोपऱ्यांत, एक बघायला."

शेवटी आम्ही गेलो, ते खोली पाडायला सांगायला. घर दोघा भावांचं, आणि ह्यांना ते विकायचं होतं. असली खोली बघून गिऱ्हाईक पायरीवरूनच पळालं असतं.

"आधी बघ तरी, दादा," भाऊजी म्हणाले. "मग पाड."

हे कपाळाला आठ्या घालून लांबच्या कोपऱ्यात उभे राहिले, भाऊजी जवळच्या. दार लावून मी भोकाला डोळा लावला आणि मला हसू आवरेना. सहा फुटी आमचे हे शाळकरी पोराएवढे, आणि भाऊजींचं डोकं छताला टेकलेलं! जन्मभर ह्यांच्यापुढे खाली मान घालून बसलेला माणूस तो. मला फार बरं वाटलं.

"काय दिसतंय?" ह्यांनी आतून विचारलं.

"तुम्ही धाकटे दिसताय."

ते ह्यांना चांगलंच झोंबलं. "पोरखेळ नुसता! उद्या माणसं पाठवतो," म्हणत हे तरातरा बाहेर आले.

भाऊजींनी वाद घातला नाही. "बरं," ते म्हणाले. "पण जायच्या आधी तुम्ही दोघं जरा आत उभे राहता? मी अजून पाहिलेली नाही."

"म्हणजे? बांधली तूच ना?"

"बांधली मीच. पण उभं राहायला कोण होतं? खुर्च्या ठेवून पाहिल्या. खुर्ची लहान दिसली तर ती लहान खुर्चीच वाटते, दादा. त्याला माणसंच लागतात."

आम्ही आत जाऊन दोन कोपरे धरले. दार लागलं. भोकात डोळा दिसला, तो हलेचना.

"झालं का रे?" हे वैतागले. "कोण मोठं दिसतंय?"

"ते नाही बघत मी," दाराआडून आवाज आला. "हलू नका. घरात माणसं दिसतायत."

ह्यांच्या हातात गाडीची किल्ली खुळखुळत होती, ती त्यांनी खिशात टाकली.

"तू जरा उजेडात सरक," हे मला म्हणाले. "त्याला नीट दिसू दे."