माशांसाठी शिळं पाणी

"ओतू नको!"

जानकीच्या हातातली बादली मोरीच्या कठड्यावर तिरकी झाली होती. ती तशीच थांबली. शेजारचा खंडू तोंडात ब्रश धरूनच दारात आला, कारण भांडुपच्या त्या चाळीत गुणाजी परबचा चढलेला आवाज कोणी ऐकला त्याला अडीच वर्षं होऊन गेली होती.

"कालचा पाणी ता," जानकी म्हणाली. "आता नळ येतलो. शिळा पाणी कित्याक ठेवूचा घरात?"

"माशांका होया."

"खंयचे मासे?"

गुणाजीनं बादली तिच्या हातातून घेऊन खिडकीखाली ठेवली. जानकीनं सवयीनं तिच्यावर ताट झाकलं, तर त्यानं तेही काढलं. नवरा ओरडला की बाकीच्या बायकांना वाईट वाटतं. जानकीला त्या दिवशी मुलुंडच्या कामाच्या घरी पोळ्या लाटताना दोनदा हसू आलं.

हसू येण्याचं कारण होतं. गुणाजी बावीस वर्षं कापडगिरणीत साचेवाला होता, मागावर कापड विणायचा. साच्यांच्या धडधडाटात शेजारच्या माणसाशी बोलायचं तर ओरडायलाच लागायचं, आणि ती सवय तो घरी घेऊन यायचा. त्यानं मीठ मागितलं तरी खालच्या मजल्याला कळायचं. जानकी तेव्हा त्या आवाजाला वैतागायची. मग संप आला, लांबला, आणि कधी संपला ते कोणी सांगितलंच नाही. गुणाजीनं थोडे दिवस भाजीची पाटी घेऊन पाहिली, पण असला दणदणीत गळा असून त्याच्या तोंडून "मेथी घ्या" एवढं काही निघेना. पाटी सुटली आणि बोलणंही जवळजवळ सुटलं.

त्याहून जानकीला खुपायचं ते दुसरंच. तो घरात सगळ्यात शेवटचा झाला होता. आंघोळीला शेवटी, जेवायला शेवटी. गरम भाकरी ताटात पडली की ती तिच्याकडे सरकवायचा आणि टोपलीतली सकाळची घ्यायचा. "माका शिळीच बरी," म्हणायचा. बायकोच्या कमाईची गरम भाकरी त्याच्या घशाखाली उतरत नव्हती, हे जानकीला कळत होतं. तिनं भांडून पाहिलं, रडून पाहिलं. उपयोग झाला नाही.

माशांचं खूळ त्याच्या डोक्यात शिरलं होतं ते आधीच्या आठवड्यात, मुलुंडला. जानकी जिथं पोळ्या करायची त्या नीलाताईंच्या दिवाणखान्यात काचेची मोठी टाकी होती. एक दिवस गुणाजी तिची विसरलेली पिशवी द्यायला गेला आणि टाकीसमोर उभा राहिला तो तासभर हललाच नाही. टाकी साफ करणारा माणूस आला होता, त्यालाच त्यानं एकेक विचारून घेतलं. तो माणूस म्हणाला, "काका, बजेट नाही तर पंप-बिंप सोडा. साधे मासे घ्या, थोडेच घ्या, आत हिरवं काहीतरी लावा. आणि पाणी आधी ठेवून मग घाला. बस, झकास चालतं."

टाकीसाठी तीन काचा मोडलेल्या खिडकीच्या निघाल्या, दोन काचवाल्याच्या दुकानातल्या उरलेल्या तुकड्यांतून. सीताराम हा त्याचा गिरणीतला जोडीदार आता एका वेल्डिंगच्या गाळ्यात होता, त्यानं लोखंडी पट्ट्यांची चौकट जोडून दिली.

"फुकट दिली म्हणून घरी नेऊन कपडे वाळत घालू नकोस," सीताराम म्हणाला. "मासे दिसले पाहिजेत मला."

चौकटीत काचा पुट्टीनं बसवल्या. पहिल्यांदा पाणी भरलं तेव्हा एका कोपऱ्यातून ते गळून जानकीच्या तांदळाच्या डब्यापर्यंत पोचलं. तिनं नुसता डबा उचलला, कारण गुणाजी गुडघ्यावर बसून त्या कोपऱ्यावरून बोट फिरवत होता, आणि साच्यावर तुटलेला धागा शोधताना तो असाच बसत असणार, असं तिला वाटलं. त्यानं पुट्टी खरवडली, पुन्हा भरली, चार दिवस वाळू दिली. बांधकामावरून मागून आणलेली रेती इतक्यांदा धुतली की चाळीतल्या बायका, डाळ तरी एवढी धुवायला हवी, म्हणून हसल्या. पवईच्या तलावातून तो गवतासारख्या लांब पात्यांची रोपं घेऊन आला आणि रेतीत बोटांनी रोवली.

मग भरलेली टाकी आठ दिवस नुसतीच ठेवली.

"गुणाजीनं पाणी पाळलंय," खंडू सगळ्यांना सांगत सुटला.

नवव्या दिवशी गुणाजी गावठाणातल्या विहिरीवर गेला. डासांसाठी म्हणून तिथं कोणीतरी गप्पी मासे सोडले होते. त्यानं जुन्या पंच्यानं सहा धरले आणि दुधाच्या बरणीत घालून आणले. बोटाच्या पेरापेक्षा लहान मासे. सीताराम येऊन डोळे बारीक करून पाहून गेला आणि म्हणाला, "यार, चष्मा आणायला हवा होता."

पण त्या सहा माशांनी घरात बोलणं आणलं. जानकी कामावरून आली की गुणाजी सांगायचा: आज तो रंगीत शेपटीवाला कसा भांडला, आज सगळे कसे उन्हाच्या कवडशात येऊन थांबले. दर चार दिवसांनी तो एक तांब्या पाणी काढायचा आणि बादलीतलं एक तांब्या घालायचा. त्यासाठी शिळ्या पाण्याची ती बादली खिडकीखाली कायमची झाली. जानकीच्या घरात रोज सकाळी कालचं पाणी ओतून हंडे घासून ताजं भरायचं, हे तिच्या सासूच्या वेळेपासूनचं. त्या बादलीजवळून जाताना तिला चुकल्यासारखं व्हायचं.

"तेंका ताजा घाला मां थोडा," ती एकदा म्हणाली.

"नको. तेंका शिळाच बरा," गुणाजी म्हणाला.

तिनं त्याच्याकडे पाहिलं. हे वाक्य ती गेली अडीच वर्षं रोज ऐकत होती. पाणी तासभरच येतं, त्यातलं माशांसाठी कसं मागायचं, म्हणून हा माणूस आपल्यासारखंच आपल्या माशांनाही शेवटी बसवतोय, असं तिला वाटलं. तिच्या मनाला ते फार लागलं.

श्रावणात एका मासोळीचं पोट फुगलं.

"पोटुशी आसा," गुणाजी म्हणाला. "आठ-धा दिवसांत पिल्लां होतली बघ."

जानकी तिला माहेरवाशीण म्हणू लागली. त्यांची लेक सुलक्षणा चिपळूणला दिलेली. तिचं पहिलं बाळंतपण संपाच्या वर्षी आलं, आणि रीतीप्रमाणे तिला माहेरी आणणं काही जमलं नव्हतं. ते जानकीच्या मनातून कधी गेलं नाही. आता ती पोळ्या करून आली की पाय धुवायच्या आधी काचेजवळ जायची. "काय गो बाय, कसा आसा?" असं विचारायची आणि कोणी ऐकलं नाही ना, ते बघायची.

त्याच आठवड्यात सीताराम बातमी घेऊन आला. गिरणीचं एक खातं सुरू होणार, कामावर घ्यायच्या माणसांची यादी गेटवर लागणार. गुणाजीनं इस्त्रीचा शर्ट घातला आणि पहाटेच निघाला. दाराबाहेर जाऊन पुन्हा आत आला, टाकीत वाकून पाहिलं, मग गेला.

नळ आला. जानकी रोज पहिला तांब्या देवाच्या पाण्यासाठी भरायची. त्या दिवशी तिला वाटलं, आज आपल्या घरात कोणी शेवटचं असायला नको. तिनं देवाचं भरलं आणि लगेच पुढच्या दोन बादल्या माशांसाठी भरल्या. टाकीतलं हिरवट झालेलं पाणी तांब्यातांब्यानं उपसून टाकलं, मासे हळूच पातेल्यात घेतले, काचा आतून पुसल्या आणि नळाचं थंडगार, स्वच्छ पाणी काठोकाठ भरलं. पावसाळ्यामुळे पाण्याला औषधाचा वास होता. तिला तो वास स्वच्छतेचाच वाटला. तिनं माहेरवाशिणीला सगळ्यात आधी सोडलं.

ती मुलुंडहून परत आली तेव्हा सहाही मासे वर तरंगत होते.

गुणाजी चार वाजता आला. चपला काढताना त्याला टाकी दिसली. जानकी भिंतीला टेकून बसली होती.

"मी केलंय," ती म्हणाली. "ताजा पाणी घातलंय. पयला पाणी, देवाच्या मागोमाग. माका वाटला, तेंका कित्याक शिळा..." त्यानं ओरडावं असं तिला मनापासून वाटत होतं. सगळ्या चाळीनं ऐकलं तरी चालेल, पण त्यानं पुन्हा गप्प होऊ नये.

गुणाजीनं बाही वर केली. एकेक मासा तळहातावर घेऊन त्यानं दारातल्या तुळशीच्या डब्यात माती उकरून पुरला. माहेरवाशिणीला जरा जास्त वेळ हातात धरलं. मग तो आत येऊन जानकीसमोर बसला.

"यादीत नाव नाय माजा," तो म्हणाला. "सीतारामाचाय नाय."

मग तो अगदी हळू म्हणाला, "नळाच्या पाण्यात औषध आसता. दोन दिस उघडा ठेवला की उडान जाता. म्हणून शिळा, जानके. तेंका खरांच शिळा लागता. माजा चुकला. मी तुका नीट सांगूक नाय."

"मग भाकरीचा?" जानकीनं विचारलं. "तुमका खरांच शिळी लागता?"

गुणाजीनं खाली बघत मान हलवली. नाही.

दुसऱ्या दिवशी नळ आल्यावर जानकीनं देवाचा तांब्या भरला, मग एक बादली भरून खिडकीखाली नेऊन ठेवली. हात सवयीनं ताटाकडे गेला, तो तिनं मागे घेतला.

त्या रात्री तिनं त्याच्या ताटात तव्यावरची भाकरी टाकली आणि समोरच बसून राहिली. गुणाजीचा हात ताटाच्या काठावर थांबला. टोपलीत सकाळची एक भाकरी होती, ते दोघांनाही माहीत होतं. त्यानं गरम भाकरी मोडली. वाफ बोटांना लागली तसा त्यानं हात झटकला, आणि पहिला घास बराच वेळ चावत बादलीकडे बघत राहिला.

"आजून एक दिस रवांदे," तो म्हणाला. "परवा जातंय विहिरीर."