मादाम भिकाजींची शुक्रवारची रांग

“शशीताई, प्लीज, जस्ट दोन महिने! आधी व्होटर्सना आत घ्या, मग ही फ्रेंच लोकं,” खासदार शशीच्या ऑफिसातला रवी काकुळतीला आला होता.

“जो आधी आला, तो आधी,” शशी म्हणाली आणि पुढच्या माणसाला फ्रेंचमधून हाक मारली.

तिचा नवरा राजीव कोपऱ्यात चहाचे कप विसळत होता. खासदाराने लोकांची गाऱ्हाणी ऐकायला बसायचं, याला इथे सर्जरी म्हणतात. लंडनच्या वेम्बलीतल्या ईलिंग रोडमागच्या हॉलमध्ये शशीची सर्जरी दर शुक्रवारी भरायची. निम्मी रांग काँगो, अल्जीरिया, आयव्हरी कोस्टच्या फ्रेंच बोलणाऱ्यांची. कुणाचा व्हिसा अडकलेला, कुणाच्या फ्लॅटला बुरशी आलेली. इथे राहणाऱ्या भारतीयाला मत असतं. या बिचाऱ्यांना नव्हतं. मागे ताटकळणाऱ्या दुकानदारांना मात्र होतं, आणि पक्षाचे सभासदही तेच. तिसऱ्यांदा शशीला तिकीट द्यायचं की नाही, हे दोन महिन्यांनी तेच ठरवणार होते. ही दोन हजार चारची गोष्ट.

घरी जाताना राजीवने विषय काढलाच. “रवी इथे जन्मला, तुझ्याच ऑफिसात तयार झाला. त्याला इथलं पॉलिटिक्स कळतं गं. थोडं अ‍ॅडजस्ट कर.”

“मी हॉस्पिटलच्या वॉर्डवर नवीन होती तेव्हा मॅट्रन मला ओरडून सांगायची, जशी काय मी बहिरी,” शशी म्हणाली. तिचं मराठी लग्नानंतरचं, त्यामुळे व्याकरण अधूनमधून दगा द्यायचं. “आपल्या भाषेत कोणी नुसतं ‘बसा’ म्हटलं ना, राजीव, तरी बरं वाटते.”

मॉरिशसहून नर्सिंगला आलेली ही मुलगी राजीवला हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये भेटली होती. भिकाजी हे आडनाव ऐकून पुण्याचे हे डॉक्टरसाहेब हरखून मराठीत सुरू झाले, तर ती गोंधळून फ्रेंचमध्ये माफी मागायला लागली! त्याच्या आईने कपाळाला हात लावला होता. “नाव आपलं नि तोंड परक्याचं!” पण गणपतीत याच सुनेने सगळ्या आरत्या एक शब्द न चुकता म्हटल्या. पणजोबांनी कोकणातून नेलेल्या आरत्या तिच्या घरात सगळ्यांना तोंडपाठ होत्या, अर्थ मात्र एकालाही ठाऊक नव्हता. सासूबाई विरघळल्या त्या कायमच्या. पुढे शशी कौन्सिलवर गेली आणि सत्त्याण्णव साली पार्लमेंटमध्ये. काय दिवस होते ते! दूध आणायला कोपऱ्यावर गेली तरी वाटेत लोक अडवायचे, आणि राजीव चहाचं आधण ठेवून वाट बघत बसायचा.

शशी हट्टाला पेटली ती पेटलीच, आणि सभासदांनी तिकीट दिलं रवीला. “ताई, पर्सनल काही नाही हं,” तो म्हणाला. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय! राजीवच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यात शशीने रवीसाठी घरोघर पत्रकं वाटली, तेव्हा तर त्याने काही दिवस तिच्याशी बोलणंच टाकलं. पुढच्या मे महिन्यात रवी निवडून आला.

जूनमधल्या एका शुक्रवारी दुपारी बेल वाजली. दारात एक काँगोची बाई उभी होती.

“मादाम ला देप्युते?” तिने विचारलं. खासदारबाई तुम्हीच ना?

आपण आता खासदार नाही, हे शशीने तिला फ्रेंचमध्ये सांगितलं. ऐकताच बाईने चौकटीला धरलं. तिच्या नवऱ्याला सरकार सोमवारच्या विमानाने काँगोला परत पाठवणार होतं, आणि ते थांबवायला खासदारानेच मधे पडायला हवं होतं.

शशीने कोट चढवला. “राजीव, गाडी काढ. हिला इंग्लिश येत नाही.”

“त्या रवीच्या दारात जाणार? लाज नाही वाटणार तुला?”

“वाटेल ना. खूप वाटेल. चल.”

हॉल तोच होता, टेबलही तेच. शशीला पाहून टेबलामागचा रवी धडपडत उठला.

“शशीताई! तुम्ही कशाला थांबता? या ना, आधी तुम्ही.”

“आमच्यापुढे माणसं आहेत, रवी,” शशी म्हणाली आणि प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बाईशेजारी बसली.

रवीने मान खाली घालून पुढच्या माणसाला बोलावलं. शशी त्या बाईचा हात धरून तिला हळूहळू काहीतरी समजावत होती. एवढ्या वर्षांत राजीवला फ्रेंचचं ओ की ठो कळलं नव्हतं. शशीच्या पलीकडची खुर्ची रिकामी होती. तो गेला आणि रांगेत बसला.