शांती कोणाला म्हणायची

आमच्या गावात भेटल्यावर म्हणायचे शब्द दोन. मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चमधल्या माणसाला ‘प्रभूची शांती’, बाकी जगाला नुसतं ‘नमस्कार’. मंडळीनं एखाद्याला बाहेर काढलं की त्या दिवसापासून त्याची शांती बंद, मग तो रस्त्यात भेटलेला सख्खा भाऊ का असेना. हा नियम माझ्या तेओफिलदादानं मंडळीचा पाळक, म्हणजे धर्मगुरू, असताना घातला. गेलं वर्षभर गाव तो त्याच्यावरच चालवतंय.

कम्युनिस्टांच्या काळात नदीतला बर्फ फोडून बाप्तिस्मे दिले म्हणून दादा तुरुंगात जाऊन आला. प्रार्थनाघर त्यानं स्वतः विटा वाहून बांधलं. पुढे गावची पोरं इटलीला गेली, म्हातारे मागे उरले, तेव्हा त्यानं आमच्याच स्वयंपाकघरात त्यांच्यासाठी पातेलं चढवलं. रोज घेवड्याचं सूप आणि मामालिगा, मक्याच्या पिठाची घट्ट लापशी. डबे सायकलला अडकवून हा घरोघर जायचा आणि आशीर्वाद घेऊन यायचा. ढवळायला वहिनी आणि मी, वहिनी गेल्यावर मी एकटी. नाव त्याचं झालं, हात माझे भाजले. चिडायचे मी, पण सोडून कुठे जाणार होते?

म्हातारपणी त्यानं पाळकपण तरुण एलियाझारच्या हाती दिलं. त्याच सुमारास मंडळीतल्याच एका पोरीला, दामारिसला, दिवस गेले. लग्न झालेलं नव्हतं. मूल मंडळीचा कारभार बघणाऱ्या निकोदिम डीकनच्या मुलाचं, बेनियामिनचं, हे कोंबड्यांनासुद्धा ठाऊक होतं. मंडळीनं दामारिसला बाहेर काढलं. बेनियामिन इटलीत बांधकामावर होता, त्यामुळे म्हणे चौकशी करता आली नाही! पोरीच्या बापानं तिचं गाठोडं अंगणात फेकलं.

त्या रविवारी ती प्रार्थनाघराच्या फाटकाबाहेर उभी होती. आत यायची हिंमत नव्हती, जायला घर नव्हतं. बायका डोक्यावरचे रुमाल सारखे करत तिच्या बाजूनं निघून गेल्या. दादा थेट तिच्यापाशी गेला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “प्रभूची शांती, पोरी. चल घरी. सूप गार होईल.”

संध्याकाळी एलियाझार आमच्याकडे आला. “भाऊ, नियम तुमचाच आहे.”

“माझाच. चुकीचा होता.”

“मग आजवर त्या नियमानं तुम्ही ज्यांना बाहेर काढलंत, त्यांचं काय?”

दादा उठून दामारिससाठी अंथरूण घालायला गेला. पुढच्या रविवारी तोही बाहेर.

दामारिस हिवाळाभर आमच्याकडे राहिली. बाळंतपण मी केलं. ईस्टरला बेनियामिन नवी गाडी घेऊन परतला, निकोदिमनं घाईघाईनं लग्न लावून दिलं, पोरीनं मंडळीसमोर रडून क्षमा मागितली आणि तिला परत घेतलं. छान झालं. पण ज्यानं तिला आसरा दिला तो बाहेरच राहिला, कारण ‘मी चुकलो’ म्हणायला तो तयार नव्हता. गरज सरो, वैद्य मरो.

मग उन्हाळ्यात दादाचं हृदय थकलं. पाय सुजले, दोन पावलांत धाप लागायला लागली. एक दिवस म्हणाला, “व्हेता, मला प्रभुभोजन हवंय. भाकरीचा तो एक तुकडा. त्याच्याशिवाय मरायचं नाही मला.” बाहेर काढलेल्याला तो तुकडा मिळत नाही.

“मग म्हण चुकलो! जीभ झिजते का?”

“पोरीला शांती म्हणालो ते चुकलं, असं म्हणू?”

“म्हण. देवाला खरं काय ते कळतं.”

मीच त्याच्या मागे लागले. मला तो आतल्या बाकावर बसलेला बघायचा होता.

रविवारी तो पुढे जाऊन गुडघे टेकून बसला. याच जागी त्यानं कितीतरी जणांना गुडघ्यावर आणलं होतं. “मंडळीला न विचारता मी एका मुलीला शांती म्हणालो,” तो म्हणाला. “मला क्षमा करा.” आवाज इतका बारीक की मला माझीच लाज वाटली.

एलियाझार म्हणाला, “भावाला परत घ्यावं असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा.” आमच्यात निम्म्याहून जास्त हात लागतात.

पुरुषांच्या बाजूला पहिल्या बाकावर निकोदिम होता. त्याचे हात मांडीवर, आणि सगळ्यांचे डोळे त्या हातांवर. त्याच्या घरची अब्रू दादानं फाटकात उघडी पाडली होती, ते तो विसरला नव्हता. आमच्या पातेल्यातलं खाऊन जगलेल्या म्हाताऱ्यांनीसुद्धा आधी त्याच्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. खाल्ल्या घरचे वासे मोजणारे मेले!

बायकांच्या बाजूला माझा हात वर होता. शेजारी दामारिस, डोक्याला सासरचा नवा रुमाल, मांडीवर बाळ.

“हात वर कर,” मी कुजबुजले. निकोदिमची सूनच हात वर करते म्हटल्यावर निम्म्या बायकांना धीर आला असता. त्या तिच्याकडेच बघत होत्या.

“माझ्या हातात बाळ आहे, मावशी.”

“दे इकडे. मी धरते.”

तिनं बाळ छातीशी आणखी घट्ट धरलं. पुढे गुडघ्यावर बसलेला दादा मान वळवून आमच्याकडेच बघत होता.

हात कमी पडले. एलियाझार म्हणाला, आपण अजून प्रार्थना करू, शरद ऋतूत पुन्हा विचारू. दादाला उठवायला कोणी आलं नाही, मीच गेले. मग प्रभुभोजनाच्या भाकरीचं ताट फिरलं, तेव्हा आम्ही दोघं रस्त्यावर होतो.

अर्ध्या वाटेत तो श्वास घ्यायला थांबला. कुंपणाला टेकून म्हणाला, “तिला बोल लावू नकोस. मूल होतं तिच्या हातात.”

“मूल एका हातानं धरता येतं, दादा. आपल्याकडे होती तेव्हा एका हातानं त्याला धरायची आणि दुसऱ्यानं पातेलं ढवळायची.”

“ठाऊक आहे मला,” तो म्हणाला. “मी रोज बघायचो.”