तांड्यावर न दिलेला निरोप

दिवाळीला आलेली लेक सासरी निघाली, म्हणून माणिकराव तिला हिंगोलीच्या ठेसनावर सोडायला गेला होता. मंजुळा आणि जावई पूर्णेच्या गाडीत बसले, गाडी हलली, आणि तो आपल्या छकड्याकडे वळला तोच तारबाबूनं त्याला हाक मारली. कुठल्या अंगाला जाणार म्हणून विचारलं. नरसीच्या पलीकडं, कयाधूच्या काठाला, असं त्यानं सांगितलं.

"समंदर का तूफान है," बाबू म्हणाला. "कल दोपहर तलक इधर भी आता बोल के तार आया. रस्ते में जित्ते गाँव लगते, सबकू बोलते जाव."

हा बाबू मूळचा समुद्राकडचा. लहानपणी त्यानं असलं तुफान पाहिलं होतं. वाऱ्यानं माणूस मरत नाही, वाऱ्यानं जे अंगावर पडतं त्यानं मरतं, एवढं त्यानं दोनदा सांगितलं. माणिकरावानं मान हलवली. निरोप पोचवतो म्हणाला आणि निघाला.

वाटेत त्यानं निरोप सांगितलाही. नरसीला देवळापुढच्या दुकानदारांना सांगितला, पुढच्या गावात पारावर बसलेल्यांना सांगितला. लोक गोळा व्हायचे, कुठून कळलं म्हणून विचारायचे, आणि हा थेट तारेची बातमी म्हणून सांगायचा. सरकारी माणसागत आपण बोलून राहिलो, याचं त्याला बरंही वाटलं. पण गाव जवळ यायला लागलं तशी त्याला आपल्या खळ्याची काळजी लागली. ज्वारी कापून झाली होती. कणसांची रास खळ्यावर उघडी पडली होती आणि पेंढ्या अजून रानातच होत्या. भिजलं की दाणा काळा पडणार. एका दिवसात ते सगळं घरी आणायचं तर तीस-चाळीस हात पाहिजेत. गावातला जो तो उद्या आपापल्या खळ्यावर असणार. राहिला लमाणांचा तांडा.

तांडा माळावर होता. पंचवीसेक झोपड्या, सगळ्या गवताच्या. माणिकराव पोचला तेव्हा दिवस बुडायला आला होता. वसराम नाईक झोपडीपुढं बसून दोर वळत होता. शेजारी त्याची म्हातारी आई भिकाबाई वासराच्या अंगावरून हात फिरवत होती. तिचे गुडघे गेले होते. ती बसल्या जागीच असायची. चार-पाच झोपड्यांवरचं जुनं गवत काढून टाकलेलं होतं, वासे उघडे पडले होते, आणि नव्या गवताचे भारे बाजूला रचून ठेवले होते.

वसरामनं राम राम घातला, बाजारात काय हालहवाल म्हणून विचारलं. त्यावेळी निरोप माणिकरावाच्या ओठावर होता. तो त्यानं गिळला. हे लोक ऐकतील आणि उद्या सकाळी पहिल्यांदा आपल्या छपरावर चढतील, खळ्यावर एकही येणार नाही, असा हिशेब त्याच्या मनात झाला. तो एवढंच म्हणाला, "नाईक, उद्या झाडून सगळे खळ्यावर या. बायका, गडी, सगळे. रास घरी न्यायची हाय."

वसराम म्हणाला, उद्या छपरं शाकारायची ठरवलीत, परवा आलो तर चालणार नाही का.

"छपरं कुठं पळून चालली? परवा करा. लेकरंही घेऊन या, जेवण माझ्याकडं."

वसरामनं उघड्या वाशांकडं एकदा पाहिलं आणि बरं म्हणाला. तीन वर्षं तांडा याच्याच खळ्यावर येत होता. शब्द मोडायची सवय नव्हती.

घरी गेल्यावर माणिकरावानं बायकोला, द्वारकाबाईला, सगळं सांगितलं. फक्त तांड्यापाशी काय झालं ते सांगितलं नाही. तिनंच विचारलं, "आन तांड्यावर सांगितलं ना? त्यांची घरं गवताची हायेत."

"व्हय, सांगितलं," माणिकराव म्हणाला, आणि बैलांना पेंड घालायला उठून गेला.

सकाळी आभाळ निरभ्र होतं, पण उकाडा असा की अंगाला घाम चिकटून राहावा. वारा पूर्वेकडून होता. कार्तिकात तसा असत नाही. तांडा दिवस उगवायच्या आधीच खळ्यावर हजर झाला. बायकांनी कणसं पोत्यांत भरली, गड्यांनी गाड्या लादल्या. माणिकराव स्वतः घराच्या धाब्यावर चढला, पांढऱ्या मातीनं भेगा बुजवल्या, पन्हाळी मोकळ्या केल्या. खाली द्वारकाबाईनं गोठ्याची दारं दोरानं आवळली आणि दोन दिवसांचं पाणी भरून ठेवलं. गावाला रात्रीच निरोप मिळाला होता, सगळीकडं हीच घाई होती; तांड्याच्या माणसांना काम सोडून कोणाशी बोलायला सवड नव्हती. धाब्यावरून त्याला माळावरचा तांडा दिसत होता. उघडे वासे इतक्या लांबूनही दिसत होते. तो त्या अंगाला पाठ करून माती थापत राहिला.

दुपार व्हायच्या आत आभाळ पूर्वेकडून शिसवी रंगाचं झालं. शेवटची गाडी दारात आली आणि वाऱ्याचा पहिला लोट आला. रानात राहिलेल्या पेंढ्या उडाल्या. माणिकरावानं सगळ्यांना आत बोलावलं. तांड्यातली चाळीसेक माणसं, लेकरं, सगळी त्याच्या माळवदाच्या घरात, ज्वारीच्या पोत्यांमध्ये दाटीवाटीनं बसली. वसराम दारातच उभा होता. म्हणाला, आई तिथं एकटी हाय, मी जातो. माणिकराव म्हणाला, वावटळ हाय, घटकाभरात जाईल, मंग जा. हेही त्याच्या तोंडून सहज निघालं.

घटका गेली. वारा थांबला नाही, वाढत गेला. पाऊस आडवा यायला लागला. कुठंतरी झाड मोडल्याचा आवाज आला. लेकरं आयांच्या ओढण्यांत तोंडं खुपसून बसली. द्वारकाबाई त्यांना भाकरी वाटत होती. वाटता वाटता ती वसरामच्या बायकोपाशी, अनुसयाबाईपाशी, येऊन टेकली. अनुसयाबाई रडत होती. द्वारकाबाई तिला मायेनंच म्हणाली, "अनुसया, वादळ येणार म्हणून कालच सांगितलं होतं तुमाला. तरी म्हातारीला काहून ठेवलं तिथं? गाडीत घालून आणायचं होतं."

अनुसयाबाईनं डोळे पुसले. "कोणी सांगितलं, बाई?"

"यांनी. हिंगोलीहून येताना."

अनुसयाबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. वसरामनं माणिकरावाकडं पाहिलं. माणिकराव पोत्याला टेकून बसला होता. त्याला खोटं बोलता आलं असतं. विसरलो म्हणाला असता तरी चाललं असतं. पण द्वारकाबाई भाकरीची टोपली हातात धरून त्याच्याकडं बघत होती, आणि तिला कळलं होतं.

"तार आली होती," तो म्हणाला. "मी बोललो न्हाई."

वसरामनं डोक्याचं पागोटं सोडलं, कमरेला आवळून बांधलं, आणि दाराचा अडसर काढला. त्याचा भाऊ थावरा उठला. माणिकरावही उठला. आपण गेलंच पाहिजे, हे त्याला माहीत होतं. तो दोघांच्या मागं अंगणात उतरला, तोच गोठ्यावरचं अर्धं छप्पर उचललं गेलं आणि त्याच्यापासून दोन हातांवर येऊन आदळलं. तारबाबूचे शब्द त्याला आठवले. पुढं वसराम आणि थावरा पावसात वाकून चालले होते, मागं वळून पाहत नव्हते. माणिकराव उभा राहिला. मग मागं फिरला आणि दार लावून घेतलं.

त्यानंतरचा वेळ कसा गेला ते त्याला पुढं कधी नीट सांगता आलं नाही. दिवस अजून होता, पण आत अंधार झाला होता. माळवद कोपऱ्यात गळायला लागलं. गळतीखाली ज्वारीची पोती होती. द्वारकाबाई एकटीच ती ओढायला लागली, तेव्हा तांड्यातल्या बायका उठल्या, पोती उचलून कोरड्या भिंतीला लावली, गळतीखाली घागरी ठेवल्या. कोणी शिवी दिली असती तर त्याला बरं वाटलं असतं. अनुसयाबाईनंही पोती उचलली. ज्या ज्वारीसाठी तिचं घर उघडं राहिलं तीच ती वाचवत होती, आणि माणिकरावाला तिच्या हाताखालून पोतं काढून घ्यायचंही धाडस होत नव्हतं. तो भिंतीकडं तोंड करून बसला.

दिवस बुडताना वारा पडला. पाऊस झिमझिम राहिला. तांडा उठला आणि माळाच्या वाटेला लागला. कोणी त्याचा निरोप घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी माणिकरावानं वादळाआधी घरात आणलेला, कोरडा राहिलेला कडबा गाडीत भरला. द्वारकाबाईनं एक पोतं ज्वारी त्यावर टाकलं. ती त्याच्याशी रात्रीपासून बोलली नव्हती. गाडी चिखलातून माळावर पोचायला दुपार झाली.

तांड्यात एकही छप्पर उरलं नव्हतं. गवताचे भारे ओढ्यापर्यंत पसरले होते. दोन गाई मेल्या होत्या. भिकाबाई जिवंत होती. ती एका बाजेखाली सापडली, असं लालसिंग नावाच्या एका पोरसवदा गड्यानं सांगितलं. झोपडी पडायच्या आधी ती सरपटत त्या बाजेखाली गेली होती. तरी वासा पडून तिचा हात मोडला होता. वसराम आणि थावरा वारा थांबेपर्यंत तिच्यावर आडवे पडून होते.

म्हातारी उघड्यावर, वासराला टेकून बसली होती. हात फडक्यानं गळ्यात बांधला होता. माणिकरावाला बघून तिनं चांगला हात वर केला.

"लेकरं तुझ्या घरात होती, म्हणून वाचली," ती म्हणाली. "इथं असती तर एक उरलं नसतं. देव तुझं भलं करो."

वसराम जवळच उभा होता. त्यानं आईला काहीच सांगितलं नव्हतं. आताही सांगितलं नाही. तो फक्त माणिकरावाकडं बघत राहिला. आशीर्वाद घेऊन गाडी रिकामी करून परत जाता आलं असतं. माणिकराव चिखलात तिच्यापुढं बसला.

"आई, वादळ येणार ते मला ठाव होतं. खळ्यावर माणसं पाहिजे होती, म्हणून मी सांगितलं न्हाई."

म्हातारीला बहुतेक समजायला वेळ लागला. मग तिनं वर केलेला हात खाली घेतला आणि वासराच्या पाठीवर ठेवला. पुन्हा त्याच्याकडं पाहिलं नाही.

वसराम पुढं आला. त्याचा आवाज चढला नव्हता.

"मालक, तुमी सांगितलं असतं तरी आमी आलो असतो," तो म्हणाला. "निम्मे छपरावर चढलो असतो, निम्मे तुमच्या खळ्यावर आलो असतो. तुमची ज्वारी आमी भिजू दिली असती का?"

रात्रभर माणिकराव आपल्यापाशी म्हणत होता की, दुसरा इलाज नव्हता. तेवढा एक आधारही आता गेला.

कडबा त्यांनी उतरवून घेतला. छपराला काहीतरी पाहिजेच होतं. ज्वारीचं पोतं मात्र वसरामनं गाडीत परत ठेवलं. माणिकराव दिवस मावळेपर्यंत तिथं राहिला. ओढ्याकाठचं गवत गोळा करून आणलं, भारे वरती देत राहिला. वरचा माणूस भारा घ्यायचा आणि दुसरीकडं बघायचा. जा असंही कोणी म्हणालं नाही, थांब असंही नाही. दुसऱ्या दिवशीही तो गेला, तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी थावरा सहज म्हणाला, आता आमचं आमी करतो.

पुढच्या वर्षी तांडा दुसऱ्याच्या खळ्यावर गेला. का, ते माणिकरावानं विचारलं नाही, आणि गावात कोणी विचारलं तर तो खरं ते सांगायचा. भिकाबाई पावसाळ्यापर्यंत जगली. तिच्या मातीला तो गेला, लोकांच्या मागं, लांब उभा राहिला.

घरात वरवर सगळं पहिल्यासारखं झालं. द्वारकाबाई बोलायला लागली, हसायलाही लागली. पण बाजाराहून आल्यावर माणिकराव काही बातमी सांगायचा, कोणाचं लग्न ठरलं, कुठं पाणी कमी आहे, तेव्हा ती ऐकून घ्यायची, हूं म्हणायची, आणि मग पाण्याला गेली की तीच गोष्ट दुसऱ्या कोणाला तरी विचारून यायची. त्याला ते कळायचं.